गाडीची मालक कोण?

(केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना येथे बचतगटातल्या आणि शेतमजुरी करणाऱ्या बायांसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मघाशी आपण गाणं म्हणत होतो तेव्हा बाहेरच्या रस्त्यावरून एक पिकअप गेली. हौद्यात कॅरेट, वर ताडपत्री, पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत कुणाच्या तरी लेकीचं नाव. आपल्याकडं गाड्यांवर नावं बायांचीच असतात. आईची कृपा, माऊली, नाहीतर धाकटी पोरगी. पण त्या रंगवलेल्या नावाबद्दल बोलायला मी आले नाही. आरसी बुकात जे नाव असतं, त्याबद्दल बोलायला आलेय.

आपण नवऱ्याला मालक म्हणतो. ‘मालक शेतात गेलेत.’ ‘मालकाला विचारून सांगते.’ आरसीतही मालकाचा रकाना असतो आणि हल्ली त्यात पुष्कळदा बाईचं नाव असतं. हे काही समतेच्या विचारानं होत नाही. त्याचं जुनं कर्ज थकलेलं असतं, बँक त्याला दारात उभं करत नाही, आणि बाईचं बचतगटातलं खातं मात्र स्वच्छ असतं. मग एक दिवस तिला नवी साडी नेसवून तालुक्याला नेतात, दहा ठिकाणी सह्या घेतात, पेढा देतात. घरी आल्यावर चावी त्याच्या कमरेला. म्हणजे कागदावर बाई मालक, आणि मालक दुसराच.

हसू नका, तुमच्यातल्या दोघी-तिघींचं तरी असंच असणार. आमच्या गटातल्या एकीचं होतं. तिनं सांगायला परवानगी दिलीय, नाव मात्र घेत नाही.

तिच्या नावावर जुनी पिकअप घेतली. गाडी पुतण्या चालवायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत तो सकाळी बाया भरून रानात सोडायचा. माणशी ठरावीक पैसे, मुकादमाशी हिशेब. एका वळणावर गाडी कलंडली. हौद्यात बसलेल्या दोघींना मोठी दुखापत झाली, एकीचा हात कायमचा अधू झाला. त्या दोघींनी नुकसानभरपाईचा दावा लावला, लावायलाच पाहिजे होता. आणि मोटार अपघात दावा प्राधिकरणाची नोटीस आली ती आमच्या मैत्रिणीच्या नावानं. जिनं ती गाडी कधी चालवली नाही, जिला त्या दिवशी गाडी कुठं गेली हेही ठाऊक नव्हतं. कोर्टात एका बाजूला हात मोडलेली मजूर बाई, दुसऱ्या बाजूला हप्ते फेडणारी बाई. पुतण्या बाहेर टपरीवर चहा पीत होता. दावा अजून चालू आहे.

विमा नव्हता का? होता. पण विमा कंपनीनं सांगितलं, गाडी मालवाहू आहे, माणसं वाहायची नाही. हे त्यांनी मनानं काढलेलं नव्हतं. मोटार वाहन कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली. मालवाहू गाडीत मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत माणूस मालासोबत बसला असेल तर त्याला तृतीय पक्षाच्या विम्याचं संरक्षण आहे. गाडीमालकानं गाडीवर कामाला ठेवलेल्या हमालाचंही विम्यात धरता येतं. पण नुसती प्रवासी म्हणून हौद्यात चढलेली बाई त्यात बसत नाही. आशा राणी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये हेच सांगितलं. कधीकधी न्यायालय जखमींची अडचण बघून कंपनीला सांगतं, आधी तुम्ही पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. आता हा ‘मालक’ कोण? आरसीतली बाई. आणि ही वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करता येते, तशी तरतूद कायद्याच्या १७४ कलमात आहे. थकबाकी म्हटल्यावर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मी मुद्दाम हे आधी सांगितलं. आपल्या चळवळीत आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो की बाईचं नाव लागलं पाहिजे. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचं ते प्रचंड अधिवेशन झालं, पुढं लक्ष्मीमुक्तीत गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. ते योग्यच होतं. पण जमीन आणि गाडी यांत फरक आहे. जमीन जागेवर असते, ती कुणाला धडक देत नाही, आणि तिचा भाव सहसा वाढतो. गाडी रोज फिरते, रोज झिजते आणि रोज जोखीम घेऊन रस्त्यावर जाते. जमिनीवर नाव लागलं की काहीतरी हातात येतं. गाडीवर नाव लागलं की आधी जबाबदारी येते. जिच्या हातात चावी नाही तिच्याकडं नुसती जबाबदारीच उरते.

मग गाडी घेऊच नये? आम्ही घेतली. त्याचीच गोष्ट सांगते.

आमच्या गटातल्या सात जणींची मिरची, टोमॅटो, थोडी मोसंबी. तुम्हाला माहीतच आहे, या तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार, इकडं भोकरदन, राजूर, मोठा माल असला की जालन्याचा मोंढा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट झालं, बाई बाजाराला जायला लागली, चांगलं झालं. पण वीस कॅरेट मिरची कंडक्टर काही घेत नाही. भाड्याची गाडी बोलवावी तर तोडा झाल्यावर तो भाव सांगणार, उशिरा येणार, आधी दुसऱ्याचा माल उतरवणार. आपण पोहोचेपर्यंत लिलाव संपलेला. एका हंगामाचं भाडं मी वहीत मांडलं आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. मी गटाची हिशेबनीस आहे. आकडा ऐकून कुणी बोलेना. मग एक म्हातारी म्हणाली, ‘एवढ्यात तर चाक आलं असतं.’

नवी गाडी परवडत नव्हती. जुनी घ्यायचं ठरलं. टर्बो इंजिनची, कारण भरलेला माल घेऊन चढाला दम लागू नये.

आता टर्बो म्हणजे काय ते मी माझ्या भाषेत सांगते, मला एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं असंच समजावलं. चूल पेटवताना आपण फुंकणी घालतो. सरपण तेवढंच, पण हवा जास्त मिळाली की जाळ मोठा होतो. इंजिनलाही तसंच आहे, हवा जास्त कोंबली तर जास्त डिझेल नीट जळतं आणि तेवढ्याच इंजिनमधून जोर जास्त मिळतो. ती फुंकणी म्हणजे टर्बो. गंमत अशी की ती फुंकायला वेगळं कुणी लागत नाही. सायलेन्सरकडं जाणारा गरम धूर एक छोटं पंख्याचं चाक फिरवतो, त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते ताजी हवा दाबून इंजिनात घालतं. धूरच फुंकणी फुंकतो. जोरात असताना ती दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, आणि ती फिरते तेलाच्या पातळ थरावर. तेल घाण झालं, कमी पडलं किंवा उशिरा पोहोचलं की ती दांडी गेली. टर्बोची सगळी निगा म्हणजे शेवटी तेलाची आणि हवेची निगा. एवढं डोक्यात ठेवलं तर निम्मं काम झालं.

आमची पहिली फजिती ऐका. शहरातल्या एका दलालाकडं गेलो. गाडी अशी चकाचक की तोंड दिसावं. आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं, ‘ताई, तुमच्यासाठीच काढून ठेवली.’ आवाज छान, धूर नाही. दहा हजार इसार दिला. नंतर मिस्त्रीला घेऊन गेलो. त्यानं पहिल्यांदा विचारलं, ‘थंड होती का?’ आम्ही एकमेकींकडं बघितलं. गरम इंजिन पुष्कळ दुखणी लपवतं. त्यानं गाडी बंद करून थंड होऊ दिली, हवेचा जाड पाइप टर्बोपासून सोडवला आणि बोटानं ती दांडी हलवून दाखवली. बाजूला किंचित हलली तर चालतं, पण ती आत-बाहेर सरकत होती, आणि पाइपात तेल साचलेलं. पाइपाला आतून तेलाचा हलका हात असतोच, पण ओतता येईल इतकं तेल म्हणजे टर्बो संपत आलेला. व्यवहार मोडला. दलालानं इसार परत दिला नाही, कारण पावतीवर काही अटच लिहिलेली नव्हती. सात जणींचे दहा हजार, वाटून घेतले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून आम्ही इसारपावतीवर लिहून घेतो: ‘आमच्या मिस्त्रीनं गाडी पसंत केली आणि कागदपत्रं साफ निघाली तरच व्यवहार, नाहीतर इसार परत.’ जो विकणारा हे लिहायला तयार नाही त्याच्याकडचा चहासुद्धा पिऊ नका.

तर गाडी बघायला सकाळी जा, आधी न सांगता जमलं तर उत्तम. बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर म्हणा, आम्ही दोन तासांनी येतो. मग थंड इंजिन तुमच्या समोर चालू करायला लावा आणि मागं जाऊन उभ्या राहा. धूर ओळखायला आपल्याला कोणी शिकवायचं? जन्म गेला चुलीपुढं. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त: फिल्टर तुंबलाय, हवेचा पाइप फाटलाय किंवा इंजेक्टर खराब आहे. हे तुलनेनं स्वस्तात सुटू शकतं. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जळतंय, टर्बोच्या सीलमधून किंवा पिस्टनच्या रिंगांतून येतंय. त्याला भ्या. टर्बोचं तेल जास्त प्रमाणात इंजिनात शिरलं तर चावी बंद करूनही इंजिन त्या तेलावरच पिसाटासारखं पळत राहतं, असंही होतं. पांढरा धूर थंडीत घटकाभर आला तर सोडून द्या, गरम झाल्यावरही येत राहिला तर पाणी आत शिरतंय का ते बघायला लावा.

इंजिन चालू असताना तेल ओतायचं झाकण जपून उघडा. हलकी वाफ चालेल, भाता फुंकावा तशी हवा मारत असेल तर रिंगा झिजल्यात. कूलंटची टाकी इंजिन थंड असतानाच उघडायची, गरम असताना उघडून एकीचा चेहरा भाजलेला मी बघितलाय. आत पाणी गढूळ, तेलकट असेल तर तिथूनच परत फिरा.

मग खाली वाका. हो, पदर खोचून खाली वाका, बघणारे बघू देत. चासीवर वेल्डिंगचे डाग आहेत का, कमानीचे पाटे तुटून बदललेत का, एका बाजूनं गाडी बसलीय का. पिकअपवर झेपेल त्याच्या दीडपट माल घालायची आपल्याकडं रीतच आहे, आणि ती रीत चासीवर उमटते. नवीन रंग दिसला की मी तर आधी रंगाखाली काय आहे ते विचारते. किलोमीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, तो मागं फिरवता येतो. पायातल्या क्लच-ब्रेकचं रबर बघा. काट्यावर साठ हजार आणि रबर झिजून लोखंड दिसतंय, तर खोटं कोण बोलतंय ते कळलंच. विकणाऱ्याकडं सर्व्हिसच्या जुन्या पावत्या असतील तर त्यांच्यावरचे आकडे जुळवा. आणि शेवटी गाडी रिकामी नको, पोती घालून चढावर चालवून बघा. टर्बोची हलकी शिट्टी ऐकू येते ती नैसर्गिक आहे, पण करवत चालवल्यासारखा किंवा घासल्यासारखा आवाज आला तर नको.

दोन हजार वीसच्या एप्रिलनंतर विकल्या गेलेल्या नव्या गाड्या बीएस-सहाच्या आहेत. त्यांच्या धुरावर गाळण्या आणि सेन्सर जास्त. त्या गाडीला संगणक लावून तपासणारा माणूस जवळपास आहे का, हे घेण्याआधी बघा. आम्ही मुद्दाम त्याच्या आधीची घेतली, कारण आमचा मिस्त्री ती डोळे मिटून उघडतो. हे आमचं गणित झालं, तुमचं वेगळं असू शकेल.

आता कागद. इथं बाया कंटाळतात, पण आमच्या मैत्रिणीचं काय झालं ते ऐकलंत.

सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आरसीवरही असतो. आधीच्या मालकानं फायनान्सचं कर्ज फेडलंय म्हणून तोंडी सांगितलं तर चालत नाही. फायनान्सवाल्याचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तो बोजा उतरवला पाहिजे. एमपरिवाहन अॅपवर गाडीचा नंबर घातला की नोंदणीचा तपशील, फिटनेस, विमा दिसतो, थकलेली ई-चलानंही आधीच बघून घ्या. घरात शिकलेली पोरगी असेल तर तिला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. चासीवर कोरलेला नंबर आणि आरसीतला नंबर अंकन्अंक जुळवा. मालवाहू गाडीला फिटनेस लागतोच, आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, त्यापुढं दरवर्षी. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर आहे, तो भरलाय का विचारा. गाडीचं मालासकट एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, वर असेल तर लागतं. आरसीवर वजन लिहिलेलं असतं. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि नाव बदलून घ्या. फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत. आपल्याकडं काय चालतं? पूर्वी शंभरच्या बॉण्डवर, २०२४ पासून पाचशेच्या, नोटरी करायची, कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घ्यायच्या आणि गाडी फिरवायची. पुढं विकायची तर तोच फॉर्म पुढच्याला. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात अशीच एक गाडी हातोहात तीन-चार जणांकडं गेली आणि मग अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून तुमच्या नावावरची गाडी घरातल्यांनी विकली असेल, तर आज घरी गेल्यावर पहिलं हे बघा की नाव बदललंय का. विकून चार वर्षं झाली असली तरी बघा. विमाही नवीन मालकाच्या नावानं चौदा दिवसांत करून घ्यायचा असतो. तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं तसं धरून चालू नका.

आमच्या गटाची वेगळी नोंदणी नाही, म्हणून आरसी एकीच्याच नावावर करावी लागली. कुणाच्या, यावर तीन बैठका भांडणं झाली. आधी सगळ्यांना नाव हवं होतं. जबाबदारी काय ते वाचून दाखवल्यावर कुणालाच नको झालं. शेवटी माझं लागलं. पण आधी सात जणींनी लेखी करार केला, की हप्ता, दुरुस्ती, दंड आणि कोर्टकचेरी यांत सगळ्यांचा सारखा वाटा. माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, वाचून म्हटलं, ‘हे असलं आमच्या भावाभावांतसुद्धा नाही.’

निगेचं सांगते, आणि माझीच चूक सांगते. गाडी आली त्या वर्षी मी चालवणारीच्या मागं लागायचे की मोंढ्यात पोहोचल्याबरोबर चावी बंद कर, डिझेल उगाच जळतंय. हिशेबनीस ना मी! चढ चढून, भरल्या मालानं, तापलेली गाडी आणि चटकन बंद. इंजिन बंद झालं की टर्बोला तेल जायचं थांबतं, पण तो तर तव्यासारखा तापलेला असतो. तापल्या तव्यावर तेलाचे थेंब राहिले तर काय होतं? काळा चिकट थर धरतो. तसाच थर टर्बोच्या दांडीला आणि तेलाच्या बारीक नळीत धरतो. दुसऱ्या वर्षी टर्बो गेला. दोन हप्त्यांचे पैसे दुरुस्तीत गेले, आणि मिस्त्रीनं मला विचारलं, ‘हिशेबनीसबाई, मिनिटभर चालू ठेवलं असतं तर किती डिझेल गेलं असतं?’ एक-दीड रुपयाचं. ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

तर जोरात आलेली गाडी थांबवल्यावर मिनिट-दोन मिनिटं तशीच सावकाश चालू राहू द्यायची, मग बंद. सकाळी चालू केल्यावर लगेच रेस द्यायची नाही, तेल वर पोहोचू द्यायचं. आमच्या गाडीत समोर चिकटवलंय: ‘उठल्यावर घाई नाही, निजताना घाई नाही.’ तेल कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच घालायचं, सुटं स्वस्त तेल नाही, आणि तेलाबरोबर तेलाचा फिल्टर बदलायचाच. पुस्तकातला किलोमीटरचा आकडा चांगल्या रस्त्यांसाठी असतो. आपल्या पांदीतल्या धुळीत मी त्याच्या आधीच बदलते. रोज सकाळी गाडी सपाट जागी उभी करून पट्टीनं तेल बघायचं, कूलंट बघायचं, टायर दाबून बघायचे.

आणि हवेचा फिल्टर. वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू, मळणीच्या दिवसांत मक्याचा भुसा. फिल्टर तुंबला की गाडी काळी ओकते आणि डिझेल खाते. तो कागदाचा असतो, पाण्यानं धुवायचा नाही, आपटायचाही नाही. आतून बाहेर हलकी हवा मारायची, आणि फाटला की बदलायचा. फाटक्या फिल्टरमधून गेलेला एक खडा टर्बोच्या पात्यांना पुरतो. रेडिएटरच्या जाळीतही तंतू अडकतात. आमच्यातली एक जुनी दाढीची कुंची घेऊन बसते, वेण्या घातल्यासारखी एकेक पाकळी साफ करते. तिच्याइतकं स्वच्छ गॅरेजवालाही करत नाही.

प्रत्येक फेरीची वही आहे: निघाली किती वाजता, काटा किती, माल कुणाचा, डिझेल किती, चालवलं कुणी. डिझेल लिटरला नव्वदीच्या आसपास धरा, भरलेली गाडी बारा किलोमीटर देत असेल तर किलोमीटरला साडेसात रुपये नुसते डिझेलचे झाले. लोक इथंच थांबतात आणि म्हणतात गाडी फायद्यात आहे. टायर, तेल, पासिंग, विमा हे कुठून येणार? आम्ही दर किलोमीटरमागं दोन रुपये वेगळ्या डब्यात टाकतो, गटातल्या बाईचा माल असला तरी. हा डबा लग्नाला, बारशाला, दवाखान्याला उघडायचा नाही असा ठराव आहे. दवाखान्यासाठी एकदा मोडला. ते पैसे परत यायला आठ महिने लागले, पण आले.

चालवतं कोण? आम्ही दोघी. सुरुवातीला माणूस ठेवला होता, तो गाडी परस्पर लग्नात नेऊन आला. मग आम्हीच शिकलो. कापलेल्या मक्याच्या रानात, पहाटे, कारण उजाडल्यावर बांधावर पुरुषांची जत्रा भरायची. हलकं वाहन चालवायचा जो परवाना आपण काढतो, त्यावर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. त्याला वेगळा बॅज लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं. कुणी अडवून म्हणालं, ‘बाई, हा परवाना चालत नाही’, तर शांतपणे तारीख सांगा.

आता मला जे अवघड वाटतं ते. गाडी दारात आल्यावर पहिल्याच हंगामात वाडीतल्या बाया आल्या. म्हणाल्या, ‘आपलीच गाडी आहे, वेचणीला सोड. चालत जाऊन दीड तास मोडतो.’ ज्यांच्यासोबत मी मोर्चात चालले त्या बाया. मी नाही म्हटलं. एक जण म्हणाली, ‘गाडी आली आणि तू मालकीण झालीस.’ ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसवून विम्याचं सगळं सांगितलं, अधू हाताच्या बाईची गोष्ट सांगितली. काहींना पटलं, काही अजून बोलत नाहीत. मुकादमाची गाडी येते, त्यात त्या चढतात, पंचवीस-तीस जणी उभ्या. ती गाडीही कुणातरी बाईच्या नावावर असेल. आम्ही आता मुकादमाकडं मागणी लावलीय की न्यायची असेल तर प्रवासी परवान्याची गाडी लाव, भाडं शेतमालकानं द्यावं, मजुरीतून कापू नये. दोन शेतकरी तयार झालेत, बाकीचे हसतात. ही मागणी तुमच्याही गटांतून गेली तर त्यांना इतकं हसता येणार नाही. एकट्या गावानं मागितलं की मुकादम शेजारच्या गावातून बाया उचलतो.

बोलणं लांबलं. माझा आजचा मुक्काम इथंच आहे आणि गाडी मंदिरामागं उभी केलीय. ज्यांना टर्बो कुठं असतो, तेलाची पट्टी कशी बघायची, ते हातानं करून बघायचंय त्यांनी सकाळी सहाला या. सातनंतर नको, तेव्हा मी ती चालू केलेली असेल.